प्रभूची वाट आणि आपला बांध

(सुवर्णमहोत्सवी वर्षांत, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं सायंकाळीं, धर्मग्रामांतील भाविकांपुढें दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत, आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारीं, आपणांपुढें चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. मी धर्मपंडित नाहीं. माझें आयुष्य शाळेंत मुलांना शिकविण्यांत आणि उरलेला वेळ वडिलार्जित वाडींत खपण्यांत गेला. तेव्हां शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु ज्या गोष्टींत आपण स्वतः चुकलों, तिच्याविषयीं इतरांस सावध करण्याचा अधिकार पापी मनुष्यालाहि असतो. आणि त्याच अधिकारानें मी आज आपणांपुढें उभा आहें.

'आगमनकाळ' हा शब्द आपण दरवर्षीं ऐकतों. लॅटिन भाषेंतील 'आद्वेंतुस' म्हणजे 'येणें', त्यावरून तो आला आहे. ३० नोव्हेंबर रोजीं संत अंद्रियाचा सण असतो; त्या दिवसाच्या सर्वांत जवळचा जो रविवार, त्या रविवारीं हा काळ सुरू होतो. म्हणून त्याचा आरंभ लवकरांत लवकर २७ नोव्हेंबरला आणि उशिरांत उशिरां ३ डिसेंबरला होतो. रविवार मात्र नेहमीं चारच. एखाद्या वर्षीं आपणांस सिद्धतेसाठीं पुरे २८ दिवस मिळतात. एखाद्या वर्षीं अवघे २२, आणि त्या वर्षीं चवथा रविवार व नाताळची पूर्वरात्र हीं एकाच दिवशीं येऊन ठेपतात. पवित्र सभेच्या या दिनगणनेंतच एक इशारा आहे: वेळ दिसतो तेवढा लांब नसतो.

येणारा कोण, हें आपण जाणतों. परंतु तो कितीदां येतो? संत बर्नार्ड हे १२ व्या शतकांतील थोर मठाधिपति. त्यांनीं आपल्या प्रवचनांतून प्रभूचीं तीन आगमनें सांगितलीं आहेत. पहिलें बेथलेहेमांत, मनुष्यदेहानें, दीनपणें झालें. शेवटचें जगाच्या अंतीं, वैभवानें, न्याय करण्यासाठीं होईल. आणि या दोहोंमधलें जें आगमन, तें गुप्त आहे. तें माणसाच्या अंतःकरणांत होत असतें. पवित्र सभेच्या उपासनेंत १६ डिसेंबरपर्यंत अंतींच्या आगमनाकडे विशेष लक्ष वेधलें जातें, आणि १७ डिसेंबरपासून बेथलेहेमांतील जन्माकडे. म्हणजे पहिल्या व शेवटच्या आगमनाची आठवण पंचांगच आपणांस करून देतें. मधल्या आगमनाचा दिवस मात्र कोणत्याहि पंचांगांत छापलेला नसतो. तो ज्याचा त्यानें ठरवावयाचा असतो.

या काळाचीं बाह्य चिन्हें आपण वेदीजवळ पाहतों. धर्मगुरु जांभळीं वस्त्रें परिधान करतात, कारण तो रंग पश्चात्तापाचा. तिसऱ्या रविवारीं गुलाबी वस्त्रें चालतात, कारण प्रभु जवळ आला म्हणून हर्ष करा, असा त्या दिवसाचा बोध. रविवारच्या मिस्सांत महिमागीत म्हटलें जात नाहीं. तें देवदूतांनीं मेंढपाळांस ऐकविलेलें गीत. आपण तें चार रविवार आवरून धरतों, म्हणजे नाताळच्या रात्रीं तें पुन्हां नव्यानें कानीं पडावें. पूर्वींच्या काळीं या आवरण्यास उपवासाचीहि जोड असे. ५ व्या शतकांत, आज ज्याला आपण फ्रान्स म्हणतों त्या देशांतील तूर येथील बिशप पर्पेत्युअस यांनीं असा नियम घालून दिला होता कीं, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यांतून तीन दिवस उपवास करावा. आज आगमनकाळापुरता असा उपवास पवित्र सभेनें आपणांवर लादलेला नाहीं. बंधन सैल झालें. सिद्धतेची गरज मात्र कमी झाली नाहीं.

आपल्या मराठी भाषेलाहि या काळाचा अर्थ फार पूर्वीं कळला होता. १५७९ सालीं गोमंतकांत आलेले येशूसंघीय धर्मगुरु फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. ग्रंथाचा कर्ता जन्मानें इंग्रज. परंतु ओवी अस्सल मराठी. त्या ग्रंथाला पोर्तुगीज भाषेंत जें नांव दिलें होतें, त्याचा अर्थच मुळीं 'जगांत झालेल्या येशू ख्रिस्ताच्या आगमनाविषयींचें प्रवचन' असा होता. त्याचे भाग दोन. पहिल्या पुराणांत आदामापासून संदेष्ट्यांपर्यंत जुन्या कराराची कथा आहे. प्रभूचा जन्म दुसऱ्या पुराणांत येतो. म्हणजे ज्या आमच्या पूर्वजांनीं हा ग्रंथ देवळांत बसून ऐकला, त्यांना बेथलेहेमच्या गोठ्यापाशीं पोंचण्यापूर्वीं मनुष्याचें पाप, त्याची हांक आणि त्याची दीर्घ प्रतीक्षा यांतून ओवी ओवी करीत जावें लागलें. आम्हांला मात्र प्रतीक्षेचें तें पहिलें पुराण वगळून थेट दुसऱ्याला हात घालावासा वाटतो!

डिसेंबर महिना उजाडला कीं आपल्या घरांत काय चालतें? भिंतींस रंग, दारावर तारा, अंगणांत गोठा, मुलांना नवे कपडे, स्वयंपाकघरांत करंज्यांचा घाट. यांतील कांहींच वाईट नाहीं. ज्या घरीं पाहुणा यावयाचा तें घर झाडावें, सारवावें, हा आपला जुना धर्म आहे. परंतु यशया संदेष्ट्यानें जी आज्ञा सांगितली, तींत घर सजविण्याचा उल्लेख नाहीं. त्यानें अरण्यांत प्रभूसाठीं वाट तयार करण्यास सांगितलें आहे; खोलगट भाग भरून काढण्यास, उंचवटे सपाट करण्यास, वांकडें असेल तें सरळ करण्यास सांगितलें आहे. सजावट म्हणजे असलेल्यांत भर घालणें. वाट करणें म्हणजे मध्यें आडवें आलेलें दूर करणें. पहिलें काम हौसेचें आहे. दुसऱ्याला कुदळ लागते.

हें आडवें आलेलें काय असतें? बाप्तिस्मा देणाऱ्या योहानानें यार्देन नदीच्या तीरीं हाच उपदेश केला, तेव्हां लोकांनीं त्याला सरळ विचारलें कीं, मग आम्हीं करावें तरी काय? संत लूकच्या शुभवर्तमानांतील तीं उत्तरें आपण लक्षपूर्वक पाहावींत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्यानें एक नसलेल्यास द्यावा. अन्न असेल त्यानेंहि तसेंच करावें. जकातदारांनीं ठरल्याहून अधिक वसूल करूं नये. शिपायांनीं कोणाला धमकावून पैसे उकळूं नयेत, आपल्या वेतनांत समाधान मानावें. योहान स्वतः अरण्यांत राहत असे, उंटाच्या केसांचें वस्त्र नेसत असे. परंतु त्यानें कोणालाहि आपल्यासारखें अरण्यांत येऊन राहा असें सांगितलें नाहीं. ज्याला त्याला त्यानें त्याच्या धंद्याकडे व त्याच्या शेजाऱ्याकडे परत पाठविलें. जें आडवें पडलेलें असतें, तें बहुधा माणसामाणसांच्या मध्येंच पडलेलें असतें, हें त्या अरण्यवासी संताला पक्कें ठाऊक होतें.

आणि आपलें हें वर्ष महोत्सवाचें आहे. महोत्सव म्हणजे मिरवणूक, भोजन आणि स्मरणिका, एवढेंच आपण समजूं लागलों आहोंत. परंतु जुन्या करारांत, लेवीयच्या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत, ५० व्या वर्षाची जी आज्ञा आहे ती निराळी आहे. त्या वर्षीं ज्याची वडिलार्जित जमीन हातांतून गेली असेल त्याला ती परत मिळावी, जो दास झाला असेल त्यानें मोकळा होऊन आपल्या कुळांत परत जावें, अशी ती आज्ञा. त्या वर्षाचें शिंग फुंकावयाचें तें प्रायश्चित्ताच्या दिवशीं. आधीं प्रायश्चित्त, मग महोत्सव, असा तो क्रम आहे. आज आपल्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. वीतभर जागेसाठीं सख्खे भाऊ न्यायालयाच्या पायऱ्या चढतात. अशा दिवसांत देवाच्या महोत्सवाची पहिली खूण जमीन परत देण्याची आहे, हें वाचून माझी तरी मान खालीं गेली.

ती कां गेली, तें सांगतों. वडील वारल्यानंतर आमच्या वाडीची वांटणी झाली. विहीर सामाईक राहिली, जमीन आम्हां दोघां भावांत विभागली गेली. मोजणीच्या वेळीं मधला बांध कोणाच्या हद्दींत, यावर वाद पडला. बांध तो केवढा? रुंदीला दीड हात. परंतु त्या दीड हातासाठीं माझे थोरले बंधु व मी नऊ वर्षें एकमेकांशीं बोललों नाहीं. विहिरीवर त्यांची पाळी सकाळची, माझी दुपारची. समोरासमोर येण्याचा प्रसंग आम्हीं दोघांनींहि मोठ्या काळजीनें टाळला. माझ्या मुलीला आपल्या काकांचें घर खिडकींतून तेवढें ठाऊक होतें.

आणि याच नऊ वर्षांत, बंधुभगिनींनो, आमच्या आळींत माझ्या घरचा गोठा सर्वांत सुंदर समजला जात असे! पेंढा मी निवडून आणीं, डोंगर रंगवीं, बारीकशी वाट करून तिच्यावर मेंढपाळ उभे करीं. देवळांत मी वाचकाचें काम करीत असें. एका वर्षीं दुसऱ्या रविवारीं यशयाच्या ग्रंथांतील तेंच वाचन माझ्या वांट्यास आलें. मीं तें खणखणीत आवाजांत वाचलें, आणि लोकांना तें आवडलें हें मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलें. घरीं परतल्यावर आई पायरीवर बसून चपला काढीत म्हणाली, "बाळा, वाचलेंस छान. रानांतून देवाची वाट करा म्हणालास. तुझ्या दारापासून दादाच्या दारापर्यंत चाळीस पावलें नाहींत, आणि तेथें गुडघाभर गवत वाढलें आहे. देव यायचा झाला तर कोठून येईल रे?"

मी निरुत्तर झालों. परंतु निरुत्तर होणें म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हें मला त्यापुढील पंधरवड्यांत कळलें. मन रोज एक नवी सबब पुढें करी. चूक त्यांची, मग मीं कां जावें? मी गेलों तर बांध सोडला असा अर्थ होईल. नाताळची गडबड आटोपूं दे. पुढल्या वर्षीं पाहूं. शेवटीं तिसऱ्या आठवड्यांत मी पापनिवेदनास गेलों. इतर पापें सांगून झाल्यावर हेंहि सांगितलें, पण असें कीं जणूं तें माझ्या बंधूंचेंच पाप आहे. धर्मगुरूंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि प्रायश्चित्त दिलें तें एवढेंच: नाताळपूर्वीं भावाच्या घरीं जा आणि पाणी मागून प्या.

उपवास सांगितला असता तर मीं आनंदानें केला असता. पाणी मागणें फार कठीण गेलें. २३ डिसेंबरच्या सायंकाळीं मी विळा घेऊन निघालों आणि आधीं तें गवत कापलें. हाताला काम असलें म्हणजे मनाला थोडा धीर येतो. दारांत वहिनी आल्या. मी म्हणालों, "वहिनी, प्यायला पाणी द्या." त्यांनीं तांब्या आणून दिला. बंधु आंत खाटेवर बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत. मीहि बोललों नाहीं. पाणी पिऊन झालें, तांब्या खालीं ठेवला, आतां निघावें अशा विचारांत असतां ते वहिनींना म्हणाले, "त्याला चहा टाक."

त्या दिवशीं बांधाचा निकाल लागला नाहीं. तो लागायला आणखी कित्येक महिने गेले, आणि त्या बोलण्यांत आवाज चढलेहि. शेवटीं त्या पट्टींत कोणीं कांहीं लावावयाचें नाहीं, ती जाण्यायेण्यास मोकळी ठेवावयाची, असें ठरलें. बांध जेथें होता तेथेंच आहे. त्यावरून आतां पायवाट गेली आहे. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो नाताळ माझ्या आईचा शेवटचा ठरला. दोन्ही मुलांच्या घरचें गोडधोड तिनें त्या वर्षीं एका ताटांत खाल्लें. 'पुढल्या वर्षीं पाहूं' ही माझी सबब मीं मानली असती, तर तें तिला कधींच मिळालें नसतें, आणि तिच्या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ जन्मभर राहिलें नसतें.

कोणी म्हणतील, आम्हीं गेलों, पण दार उघडलें नाहीं, तर काय? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तर याच काळांतील एका सणांत आहे. ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण पाळतों. त्यांचें देहावसान १५५२ सालीं चीनच्या किनाऱ्याजवळील सांच्यान बेटावर झालें. चीनच्या भूमीवर उतरवून देणाऱ्या नौकेची ते तेथें वाट पाहत होते. समोर किनारा, नौका आली नाहीं. तरी त्यांचें तें वाट पाहणें देवानें व्यर्थ मानलें, असें कोण म्हणेल? आपण आपल्या बाजूची वाट साफ करावी, किनाऱ्यावर उभें राहावें. नौका पाठविणें हें देवाचें काम. आणि ज्यांच्याशीं समेट करावयाचा तींच माणसें आतां या जगांत नाहींत, त्यांनीं त्यांच्या आत्म्यासाठीं मिस्सा अर्पण करावा, आणि जी तडजोड त्यांच्याशीं राहिली ती त्यांच्या मुलाबाळांशीं करावी.

आतां या चार आठवड्यांत प्रत्यक्ष काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. पहिल्या आठवड्यांत रोज सायंकाळीं जपमाळ झाल्यावर घरांतील सर्वांनीं पांच मिनिटें मुकाट्यानें बसावें. योहानाचा पिता जखऱ्या हा पुत्राचें नांव ठेवण्याच्या दिवसापर्यंत मुका राहिला होता. आपण पांच मिनिटें राहूं शकूं. त्या शांततेंत प्रत्येकानें स्वतःला विचारावें: माझ्या दारापासून कोणाच्या दारापर्यंत गवत वाढलें आहे? दुसऱ्या आठवड्यांत पापनिवेदनास जावें. तें २४ तारखेच्या गर्दीसाठीं राखून ठेवूं नये. त्या दिवशीं धर्मगुरूंना उसंत नसते आणि आपलें लक्ष स्वयंपाकघरांत असतें. लौकर गेलें म्हणजे जें प्रायश्चित्त मिळेल तें पुरें करण्यास दिवस उरतात. तिसऱ्या आठवड्यांत, आनंदाच्या रविवारीं, योहानाचे दोन अंगरखे आठवावेत. घरांत नवे कपडे येतील तेव्हां जुने, फाटके निवडून देऊं नयेत. नव्यांतलाच एक द्यावा. ज्याची मजुरी थकली असेल ती नाताळच्या खरेदीपूर्वीं चुकती करावी. आणि चवथ्या आठवड्यांत पवित्र मरियामातेकडे पाहावें. देवदूताला होकार दिल्यानंतर ती आपल्या पोटच्या देवाला घेऊन घाईनें डोंगराळ प्रदेशांत निघाली, अलीशिबेच्या दारीं गेली आणि सुमारें तीन महिने तिच्याजवळ राहिली. तिचाहि आगमनकाळ नातेवाइकाच्या दारापर्यंतची वाट चालण्यांतच गेला.

प्रभूनें स्वतः सांगितलें आहे कीं, वेदीपाशीं अर्पण आणलें असतां आपल्या भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे अशी आठवण झाली, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं समेट करावा. आपल्या धर्मग्रामाच्या ५० वर्षांत या वेदीवर किती अर्पणें आलीं याची गणना वह्यांत असेल. तीं ठेवून कितीजण समेटासाठीं परत गेले, याची वही देवाजवळ आहे. या महोत्सवी वर्षांत त्या वहींत आपल्या घरचें एक तरी नांव चढावें.

गोठा अवश्य करावा, बंधुभगिनींनो. त्यांत पेंढा घालावा, वाट आंखावी, मेंढपाळ ठेवावेत. परंतु बाळ येशूची मूर्ति ठेवण्यापूर्वीं एकदां उंबऱ्यावर उभें राहून बाहेर पाहावें. जी वाट आपल्या अंगणांतून शेजाऱ्याकडे, भावाकडे, रुसलेल्या सोयऱ्याकडे जाते, ती मोकळी असली तर तो येईल. त्याला दुसरी वाट ठाऊक नाहीं.

पवित्र मरियामातेच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस ती कुदळ हातीं घेण्याचें बळ मिळो, आणि नाताळच्या रात्रीं महिमागीत आपल्या ओठांवर खरें ठरो. आमेन.